जुन्या फोटोंतून पॅनोरमा जुळवताना

मरीन ड्राइव्हवर ओळीने काढलेले जुने फोटो ‘हगिन’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये छान जुळतात आणि त्यांचा पॅनोरमा, म्हणजे एकच रुंद फोटो, होतो. शेजारच्या फोटोंत 25–30 टक्के भाग सामाईक हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत नको, मूळ फाइलच घ्या: फोकल लेंथची (लेन्स किती मिमीवर होती याची) नोंद तिच्यातच असते. छापील फोटो सगळे 600 डीपीआयवर स्कॅन करा आणि दृश्यकोन (फोटोत किती रुंद दृश्य मावतं तो कोन) स्वतः भरा, कारण स्कॅनमध्ये ती नोंद नसते. 35 मिमी फिल्मवर 50 मिमी लेन्सचा आडवा कोन सुमारे 40 अंश. लाटा, ढग, माणसं यांवरचे कंट्रोल पॉइंट (दोन फोटोंतली एकच जागा दाखवणाऱ्या खुणा) आधी काढून टाका, ती फोटोगणिक हललेली असतात. खिडक्यांचे कोपरे ठेवा. जवळचा कठडा मात्र बऱ्याचदा तुटकच दिसतो. कॅमेरा जागचा सरकला की पॅरॅलॅक्स येतो, म्हणजे जवळच्या वस्तू मागच्या दृश्याच्या तुलनेत सरकलेल्या दिसतात; तो सॉफ्टवेअरला पुरता पुसता येत नाही. अर्धवट कापलेला माणूस दिसला, तर त्या फोटोत त्याच्यावर मास्क लावा, म्हणजे तेवढा भाग वगळला जाईल.