सेंट लुशिया ते ग्रेनडा: शिडाच्या बोटीने जायचं असेल तर

सेंट लुशियाहून दक्षिणेला ग्रेनडाकडे उतरा, उलट नको. कॅरिबियनमध्ये वारा पूर्व-ईशान्येकडून वाहतो. दक्षिणेला जाताना तो बोटीच्या कुशीवर मिळतो, उत्तरेला निघालात तर जवळजवळ नाकावर येतो आणि तेवढ्याच अंतराला माणसं मेटाकुटीला येतात. आपल्याकडे जळगाव-धुळं तापून निघतं तो एप्रिल-मे तिथे नवख्यांना बरा. नाताळाच्या आसपास वाऱ्याला जोर असतो. 1 जून ते 30 नोव्हेंबर वादळांचा हंगाम, तेव्हा बोट कितीही स्वस्त मिळाली तरी जाऊ नये. 1 जुलै 2024 ला बेरिल चक्रीवादळाने ग्रेनडाचं कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केलं.

मुंबईहून थेट विमान नाही. लंडन किंवा अमेरिकेमार्गे जाणार असाल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा आधी बघा. मार्टिनिक या फ्रेंच बेटाकडे वळायचा बेत असेल तर साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही.

खरी परीक्षा दोन बेटांमधल्या उघड्या पट्ट्यात. सेंट व्हिन्सेंटसारख्या उंच बेटाच्या पश्चिमेला वारा पडतो, इंजिनवर जावं लागतं. बेटाचं टोक संपलं की तोच वारा डोंगराला वळसा घालून आणखी जोराने अंगावर येतो. म्हणून टोक यायच्या आधी, पाणी शांत असतानाच शीड आखडा. बोटीचं नाक वाऱ्याकडे वळवा, मोठ्या शिडाची शीट (शीड आवरून धरणारी दोरी) सैल सोडा, हॅलियार्ड (शीड वर चढवणारी दोरी) हळूहळू उतरवत शिडाची कडी आकड्यात अडकवा, मागची रीफची (शीड आखडायची) दोरी विंचवर, म्हणजे दोरी ताणायच्या चरकावर, ताणा आणि हॅलियार्ड पुन्हा कडक करा. हा शेवटचा ताण बहुतेक जण विसरतात. मग शिडाला पोट सुटतं, बोट कलते आणि शीड लहान करूनही काही हलकं वाटत नाही. पुढचं शीड, म्हणजे जिब, तेही तिसरा हिस्सा गुंडाळून घ्या.

कॅरियाकू ते ग्रेनडाची राजधानी सेंट जॉर्जेस साधारण 30 सागरी मैल. 6 नॉटने (तासाला 6 सागरी मैल) पाच तास धरा आणि सकाळी सातला निघा. वाटेत किक-एम-जेनी हा पाण्याखालचा जागृत ज्वालामुखी आहे, त्याच्यापासून किमान 1.5 किमी लांबून जा. दुपारी तीनच्या आत मुक्कामी पोचलात तर ऊन वरून पडतं आणि तळ वाचता येतो: फिकट हिरवं म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ, गडद निळं म्हणजे खोल. बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) उजव्या हाताला ठेवा. मुंबईत बोट चालवायला शिकला असाल तर इथेच घोळ होतो, कारण तिथे लाल डावीकडे असतो.

नांगराचा हिशेब पाण्याच्या खोलीवर नाही, नाकापासून तळापर्यंत करायचा. पाणी 5 मीटर, बोटीचं नाक पाण्यावर सव्वा मीटर, म्हणजे सव्वासहा. त्याच्या पाचपट, सुमारे 31 मीटर साखळी. रात्री वारा वाढणार असेल तर सातपट, 44 मीटर. नांगर वाळूतच टाका, गवतावर तो घसरतो. इंजिन मागे घेऊन ताण द्या आणि पोहायचा मास्क लावून पाण्याखाली बघून या. नांगराचं पातं वाळूत गाडलं गेलेलं दिसलं पाहिजे.

टाकीत 500 लिटर आणि माणसं सहा असतील तर माणशी रोज 10 लिटर धरून आठ दिवस निघतात. पिण्याचं वेगळं न्या. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी फक्त गोड्या पाण्याचा हात फिरवा. नळाला चार दिवसांआड पाणी येतं त्या घरातल्या माणसाकडे हे खातं द्यावं!

उडदाचे पापड आणि कळण्याचं पीठ सोबत असू द्या. भाकरी मात्र नांगरावर असतानाच, चालत्या बोटीत तवा थाऱ्यावर राहत नाही. ठेच्याला तिथली स्कॉच बॉनेट ही जहाल मिरची एकच पुरे. स्वयंपाक झाला की गॅस सिलिंडरवरच बंद करा. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या पोटात साचतो आणि एका ठिणगीने भडकतो.

मार्गात तीन देश लागतात. नव्या देशात पिवळा झेंडा चढवा, कप्तानाने एकट्याने सगळ्यांचे पासपोर्ट, बोटीचे कागद आणि मागच्या बंदराचा निघण्याचा दाखला घेऊन उतरावं. बाकीच्यांनी शिक्का बसेपर्यंत बोटीवरच थांबायचं. सेंट व्हिन्सेंटचा निघण्याचा शिक्का युनियन बेटावर घ्या. कॅरियाकू ग्रेनडात मोडतं. रविवारी पोचलात तर जादा फी पडते.

रात्री डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) पाण्यातून वर उचलून कुलूप लावा, नाहीतर सकाळी किनाऱ्यावर पोहत जावं लागेल.