सातबाऱ्यावरचे पिवळे प्रश्नचिन्ह: पीडीएफमधली डिजिटल सही कशी तपासायची

१५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवला, ॲडोबी रीडरमध्ये उघडला आणि सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसले, तर उतारा खोटा आहे असे लगेच समजू नका. ई-आधारच्या पीडीएफवरही बहुतेकांना तेच दिसते.

सही तपासताना रीडर दोन वेगळे प्रश्न सोडवतो. सही झाल्यावर फाइलमध्ये फेरफार झाला का? आणि सही करणारा नेमका कोण? पहिल्याचे उत्तर फाइलमधल्याच गणितातून निघते. दुसऱ्यासाठी सहीचे, म्हणजे सही करणाऱ्याची ओळख सांगणारे, प्रमाणपत्र कोणी दिले ते बघत वर चढत जावे लागते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे भारतात ही साखळी सीसीएच्या, म्हणजे प्रमाणन प्राधिकाऱ्यांच्या नियंत्रकांच्या, मूळ प्रमाणपत्रापाशी संपते. ‘सीसीए इंडिया’ आणि पुढे वर्ष, असे त्याचे नाव असते. तुमच्या रीडरच्या विश्वासू यादीत हे मूळ नसेल, तर दुसरा प्रश्न अनुत्तरित राहतो आणि प्रश्नचिन्ह उमटते.

गोची अशी की रीडरमध्ये कोणीही पाच मिनिटांत हव्या त्या नावाची डिजिटल ओळख स्वतःच बनवू शकतो. त्या सहीवरही हेच पिवळे प्रश्नचिन्ह येते. म्हणून ‘उजवे क्लिक करा, ट्रस्टेडमध्ये टाका, हिरवी टिक येईल’ हा सर्रास मिळणारा सल्ला अर्धवट आहे. आपण कशावर विश्वास टाकतोय हे न बघता टाकला, तर बनावट सहीलाही हिरवी टिक मिळते.

आधी फाइल मूळ आहे का ते बघा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलेल्या, स्कॅन केलेल्या किंवा फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत सहीचे नुसते चित्र उरते. आकार कमी करणाऱ्या किंवा दोन पीडीएफ जोडणाऱ्या साइटवरून फिरून आलेल्या फाइलची सही बहुधा मोडलेली असते. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून आलेली फाइल चालते. तपासणी संगणकावरच्या रीडरमध्ये करा. क्रोममध्ये पीडीएफ उघडली तर सही तपासलीच जात नाही.

आता सहीवर क्लिक करून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’ आणि तिथून ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’ उघडा. डावीकडे साखळी दिसेल: तळाशी सही करणारा, मध्ये परवानाधारक प्रमाणन संस्था, सर्वांत वर ‘सीसीए इंडिया’ आणि वर्ष. ते वर्ष टिपून ठेवा. कार्यालयाच्या सर्व्हरवरून आपोआप होणाऱ्या सहीत नावाआधी ‘डीएस’ अशी अक्षरे असतात. ती बघून बिचकू नका. डावीकडे एकच नाव असेल, तर ‘इश्यूड बाय’ वाचा. तिथेही तेच नाव असेल, तर सही स्वयंघोषित आहे आणि सरकारी कागदावर ती मुळीच चालवून घेऊ नका. दुसऱ्या संस्थेचे नाव असेल, तर फाइलमध्ये पूर्ण साखळी भरलेली नाही एवढेच. मधले प्रमाणपत्र त्या संस्थेच्या किंवा सीसीएच्या संकेतस्थळावरून घ्यावे लागेल.

मूळ प्रमाणपत्र मात्र हातातल्या फाइलमधून उचलू नका. ‘सीसीए इंडिया’ हे नावही कोणी टंकू शकतो. सीसीएच्या संकेतस्थळावरून टिपलेल्या वर्षाचे मूळ प्रमाणपत्र उतरवा आणि पुढच्या क्रमाने रीडरमध्ये घाला:

१. ‘एडिट’ मेनूतून ‘प्रेफरन्सेस’, त्यात ‘सिग्नेचर्स’. ‘आयडेंटिटीज अँड ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ समोरचे ‘मोअर’ दाबा.
२. ‘ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ निवडून ‘इम्पोर्ट’ करा आणि उतरवलेली फाइल दाखवा.
३. वर आलेले नाव निवडा, खाली दिसणारे प्रमाणपत्र निवडा, मग ‘ट्रस्ट’ दाबा.
४. ‘यूज धिस सर्टिफिकेट ॲज अ ट्रस्टेड रूट’ एवढ्याच चौकटीत खूण करा. जावास्क्रिप्ट आणि डायनॅमिक कंटेंटच्या चौकटी रिकाम्या ठेवा. सही तपासायला त्यांची गरज नसते.
५. ‘ओके’ करून ‘इम्पोर्ट’ पूर्ण करा, फाइलवर परत या आणि सहीवर उजवे क्लिक करून ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ दाबा.

सही खरी असेल तर टिक हिरवी होते. बनावट मुळाची साखळी या खऱ्या मुळाशी जुळतच नाही, त्यामुळे प्रश्नचिन्ह तसेच राहते. हे काम एका संगणकावर एकदाच करायचे. वेगळ्या वर्षाचे मूळ असलेला कागद आला तरच पुन्हा.

निकाल पानावरच्या चित्रावरून नव्हे, ‘सिग्नेचर पॅनल’मधून वाचा. हिरवी टिक कोणीही चित्र म्हणून चिकटवू शकतो. पॅनल रिकामे असेल तर फाइलवर सहीच नाही. लाल फुली असेल तर तपशील उघडा: सहीनंतर मजकूर बदलला असेल किंवा प्रमाणपत्र रद्द झाले असेल. प्रमाणपत्र रद्द आहे का हे तपासता आले नाही असे दिसले, तर इंटरनेट चालू करून पुन्हा पडताळा. एकाहून जास्त सह्या असतील, तर प्रत्येकीसाठी ‘व्ह्यू साइन्ड व्हर्जन’ निवडून त्या वेळी कागदावर काय होते ते पाहा. कराराच्या पीडीएफमध्ये हे चुकवू नये.

जुन्या कागदावर ‘मुदत संपली’ असे आले तर ते अनेकदा नैसर्गिक असते, कारण प्रमाणपत्रांची मुदत साधारण १ ते ३ वर्षांचीच असते. अशा वेळी सहीची वेळ कुठून आली ते वाचा. ती सही करणाऱ्याच्या संगणकातल्या घड्याळावरून घेतलेली असेल तर तिच्यावर फार विसंबू नका, कारण घड्याळ मागे करता येते. टाइमस्टॅम्प, म्हणजे वेगळ्या संस्थेने दिलेली वेळेची खूण, असेल तर वेळ पक्की.

लिनक्सवर पॉप्लर संचातले ‘पीडीएफसिग’ हे साधन हेच काम करते. ते सही आणि प्रमाणपत्र यांचा निकाल दोन वेगळ्या ओळींत देते. ‘सही वैध, प्रमाणपत्र देणारा अनोळखी’ अशा अर्थाचे उत्तर म्हणजेच रीडरमधले पिवळे प्रश्नचिन्ह.

बँक किंवा सोसायटी हिरव्या टिकेची छापील प्रत मागते, ती द्यायला हरकत नाही. पण कागदावरून डिजिटल सही तपासता येत नाही. सातबाऱ्याच्या बाबतीत त्यांना उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक दाखवा; तो महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ उतारा समोर येतो.