बोक्याचं इन्शुलिन आणि आपली नोकरी: आधी काय काय तयार ठेवाल

सगळ्यात आधी सिरिंज. बाटली, ग्लुकोमीटर, फ्रीजमधला डबा हे सगळं नंतर. आमच्या भुऱ्याला मधुमेह निघाला तेव्हा बाकीची सगळी तयारी मी नीट केली होती. तीन आठवड्यांनी सिरिंजा संपल्या, म्हणून पुण्यात हिंजवडीच्या ऑफिसातून घरी येताना वाटेतल्या एका मेडिकलमध्ये गाडी थांबवली आणि "इन्शुलिनची सिरिंज द्या" एवढंच म्हणाले. मिळाली ती लाल टोपीची. लाल टोपी म्हणजे मिलीलिटरला 40 युनिट असलेल्या इन्शुलिनची सिरिंज, नारंगी टोपी म्हणजे 100 ची. माणसांच्या इन्शुलिनच्या 40 च्या बाटल्या आपल्याकडे अजून सर्रास चालतात, त्यामुळे नुसती सिरिंज मागितली की पुष्कळदा लालच हातात पडते. भुऱ्याचं इन्शुलिन ग्लार्जिन नावाचं, आणि ते 100 चं. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये मी 2 च्या रेघेपर्यंत भरलं आणि त्याच्या अंगात 5 युनिट गेले. अडीच पट.

रात्री साडेबाराला तो पाण्याच्या भांड्याशी उभा होता. मागचे पाय फाकलेले, मान सारखी एका बाजूला झुकत होती, हाक मारली तर बघेना. तो संध्याकाळचा डोस होता म्हणून मी घरात होते. सकाळी असं झालं असतं तर मी ऑफिसात असते.

म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर इन्शुलिनच्या नावाखाली सिरिंजही लिहून घ्या: मिलीलिटरला 100 युनिटवाली, आणि मिळाली तर त्याच प्रकारातली एकूण 30 युनिट मावणारी बारीक, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली. मांजराचा डोस एक-दोन युनिटांचा असतो, मोठ्या सिरिंजवर कित्येकदा एक रेघ दोन युनिटांची असते, तिथे अंदाज चालत नाही. तुमचं इन्शुलिन 40 चं असेल तर सिरिंज 40 चीच. टोपीच्या रंगावरही पूर्ण विसंबू नका, नळीवर छापलेला आकडा आणि बाटलीवरचा आकडा शेजारी धरून वाचा. नवं पाकीट फोडताना दर वेळी. दोन महिन्यांच्या सिरिंजा एकदमच आणून ठेवा, म्हणजे दमून घरी येताना घाईत खरेदी करायची वेळच येणार नाही.

आता वेळ. दोन डोसांमध्ये बारा तास, आणि आधी संध्याकाळची वेळ ठरवा, सकाळची नव्हे. सकाळी साडेसहाला कुणीही उठेल, पण वाकडच्या पुलाखाली अडकलेला माणूस संध्याकाळी साडेसहाला घरी नसतो. पाऊस असला तरी तुम्ही नक्की घरी असता ती वेळ धरा. आमची साडेसात. अर्धा तास मागेपुढे झाला तर आभाळ कोसळत नाही. डोस चुकला तर चुकला, पुढच्या वेळी नेहमीचाच द्यायचा, दुप्पट कधीही नाही. अर्धं औषध केसांवर सांडलं असं वाटलं तरी पुन्हा टोचायचं नाही.

ग्लार्जिनचा जोर साधारण चार ते आठ तासांनी सगळ्यात जास्त असतो. सकाळी साडेसातला टोचलं की तो जोर येणार साडेअकरा ते साडेतीनमध्ये, घर रिकामं असताना. त्यामुळे इन्शुलिन सुरू करायचं किंवा डोस वाढवायचा तर शनिवारी सकाळी. डॉक्टरांनी मंगळवारी वाढवायला सांगितलं तर शनिवारपर्यंत थांबलं तर चालेल का, हे स्पष्ट विचारा. पहिल्या आठवड्यात दोन दिवस रजा टाका. शेजारच्या काकूंकडे किल्ली द्या, त्यांना टोचायला शिकवायची गरज नाही, पण दुपारी एकदा डोकावून "उठतोय का, हाक मारली की बघतोय का" एवढं त्यांनी कळवावं. बेशुद्ध पडलेलं मांजर आणि दुपारी झोपलेलं मांजर कॅमेऱ्यात सारखंच दिसतं.

शुगर घरी तपासायला शिका. दवाखान्यात मांजर घाबरतं आणि घाबरलं की शुगर चढते, तिथला आकडा खरा मानून डोस वाढला तर घरी पंचाईत. कान तळहातात धरून गरम करायचा, खिडकीच्या उजेडात कडेची बारीक शीर दिसते, ती शीर आणि कानाची कड यांच्या मधे टोचायचं, मागे कापसाचा बोळा धरायचा, नाहीतर सुई आपल्याच बोटात जाते. माणसांच्या मीटरवर मांजराची शुगर खऱ्यापेक्षा थोडी कमी दिसते. किती आकड्याखाली इन्शुलिन द्यायचं नाही हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कागद फ्रीजवर लावा.

टोचण्याआधी त्याने खाल्लं का बघा. जेवला नाही, उलटी केली, तर नेहमीचा डोस देऊन निघून जायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन. ऑफिसची बस गेली तर जाऊ दे. कोरडं खाणं कमी करून मांसाचं ओलं खाणं सुरू करणार असाल तर तेही त्यांना विचारून, कारण पिष्ट कमी झालं की इन्शुलिनची गरज उतरते आणि जुना डोस जास्त होतो. सुरुवातीच्या महिन्यांत शुगर नीट आवरली तर काही मांजरांचं इन्शुलिन सुटतंसुद्धा, म्हणून या दिवसांत कंटाळा नको.

मध किंवा ग्लुकोज पावडर इन्शुलिनच्या डब्यातच ठेवा. झोकांड्या, थरथर, नजर हरवलेली दिसली की मध बोटाने हिरड्यांना चोळायचा. आकडी आली असेल तर तोंडात बोट घालायचं नाही, ओतायचं तर नाहीच. सावरला तरी दवाखाना: इन्शुलिनचा जोर मधापेक्षा जास्त वेळ टिकतो, तो पुन्हा पडतो. भुऱ्या त्या रात्री दोनदा पडला. रात्रभर उघडा असणारा दवाखाना कुठला, हे आजच फोन करून खात्री करून ठेवा, मला तो रात्री एक वाजता शोधावा लागला. आणि तिथे पोचल्यावर सिरिंज दाखवा. मी पाकीट बरोबर नेलं होतं म्हणून डॉक्टरांना कारण लगेच कळलं.

घरात टोचणारी दोन माणसं असतील तर फ्रीजवरच्या कालनिर्णयवर टोचल्याबरोबर खूण करायची. खूण दिसत नसेल तर आधी फोन करून विचारा, मगच सिरिंज हातात घ्या.

बाटली फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही, गोठलेली टाकून द्या. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. लाईट गेली तर फ्रीज सारखा उघडू नका. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं तर वापरू नका. टोचायची जागा रोज बदला.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण चिकटपट्टीने बंद करून, दवाखान्यात परत द्या. सुक्या कचऱ्यात नको, कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई तो हाताने निवडतात.

गणपती विसर्जनाला पेठांतले रस्ते बंद असतात, सामान आधी भरा. दिवाळीत फटाक्यांनी खाणं सुटतं, लक्ष ठेवा. गावाला जाणार असाल आणि काकू टोचणार असतील तर सिरिंजा मोजून, तुमच्या इन्शुलिनला जुळणाऱ्याच (100 चं असेल तर नारंगी टोपीच्या), त्यांच्या हातात द्या. "कमी पडल्या तर मेडिकलमधून आणा" असं म्हणू नका.