उद्याच्या ट्रान्सवेलसाठी आज रात्रीची तयारी

ट्रान्सवेल म्हणजे कर्करोगाच्या पेशी जेलचा थर आणि छिद्रांचा पडदा ओलांडून वरच्या कप्प्यातून खालच्यात जातात का, हे बघायची चाचणी. सगळ्यात आधी मॅट्रिजेल, म्हणजे थर द्यायचं जेल. उणे २० मधली कुपी बर्फात खोच आणि तो डबा तसाच ४ अंशांच्या फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेव, दाराच्या कप्प्यात नको. रात्रभरात ते आपोआप पातळ होतं. तळहातावर धरून वितळवायचं नाही. उंदराच्या सार्कोमातून काढलेलं हे लॅमिनिन आणि कोलॅजन-४ चं मिश्रण १० अंशांच्या वर गेलं की जमायला लागतं. म्हणून पिपेटच्या २०० मायक्रोलिटरच्या टिपांची पेटी, रिकाम्या नळ्या आणि सीरम (पेशींना वाढवणारा रक्तद्रव) नसलेला मीडियाही (पेशींचं पोषक द्रावण) आत्ताच गार करायला टाक.

माझ्या पहिल्या वेळी कुपी बर्फात होती, टिपा मात्र बाकावर. टिपेच्या टोकाला साबुदाण्याएवढा गोळा अडकला. मी तो झटकून पुढे रेटलं. दुसऱ्या दिवशी एमसीएफ-७ ही स्तन-कर्करोगाच्या पेशींची लाइनसुद्धा पडद्याच्या खाली! ती तर आपण 'ही जेल ओलांडत नाही' हे दाखवायला ठेवतो. थरालाच भोकं होती, पेशींचा काय दोष.

कुपीच्या लॉटची प्रथिनांची मात्रा बघून हिशेब आजच वहीत मांड. ती मिलिलिटरला ९ मिलिग्रॅम असेल आणि आपल्याला ३०० मायक्रोग्रॅम हवं असेल, तर ३० पट पातळ करायचं: १.२ मिलिलिटरसाठी ४० मायक्रोलिटर. एका इन्सर्टला (तळाला छिद्रांचा पडदा असलेली छोटी वाटी) १०० मायक्रोलिटर लागतात, थोडं जास्तीचं धर. इन्सर्ट ८ मायक्रॉन छिद्रांचेच काढलेत ना, पाकीट बघ. निम्मे जेलशिवाय ठेवायचे. ते नसतील तर पेशींनी जेल भेदलं की त्या मुळातच जास्त पळतात, हे कळणार नाही. इन्सर्ट वाचवायला लोक नेमके हेच गाळतात.

एमडीए-एमबी-२३१ (जेल भेदणारी लाइन) आणि एमसीएफ-७, दोन्ही फ्लास्कचे तळ पेशींनी ७०-८० टक्के भरलेत का पाहा आणि पेशींना रात्रीपुरतं सीरम नसलेल्या मीडियात ठेव. पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो) लिही. पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) आल्या तेव्हापासूनचा, आपल्या डोक्यातला नाही. उद्या ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारं विकर) थांबवायला सीरम घालशील, पण नंतर दोनदा धू. वरच्या कप्प्यात सीरम उरलं तर खालच्या १० टक्के सीरमच्या ओढीला अर्थच राहत नाही.

वर उरलेल्या पेशी पुसायला इअरबड, खाली उतरलेल्या स्थिर करायला मिथेनॉल, रंगवायला क्रिस्टल व्हायोलेट, सगळं एका ट्रेमध्ये काढून ठेव. जांभळा डाग अ‍ॅप्रनवरून जात नाही, जुना घाल.

वेळ अशी धर: सकाळी नऊला थर, दोन तास ३७ अंशांत, अकराला पेशी. बावीस तासांनी परवा सकाळी नऊ वाजतात. तू बारा वाजता थर दिलास तर परवा दुपारी बाराला, ऐन लॅब मीटिंगमध्ये, इअरबड घेऊन उठावं लागेल.