हिशेब दोघांचा नको, मागे राहणाऱ्या एकाचा करा

निवृत्तीचं नियोजन म्हणजे दोघांना महिन्याला किती लागतील, दोघं कुठे राहतील, दोघं कुठे फिरतील, असं सगळे धरून चालतात. माझी सगळी नोकरी पोस्टाच्या बचत काउंटरवर गेली, त्यामुळे मला पुढचं चित्र जास्त दिसलं. नवरा गेल्यावर काही महिन्यांनी बाई येते. प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावलेली पासबुकं. त्यात एक मुदत कधीच संपून गेलेलं, एक गावाकडच्या पतसंस्थेचं, आणि एकावर नॉमिनीच्या रकान्यात सासूबाईंचं नाव, कारण खातं लग्नाआधीचं. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, ते विचारायचंही जिवावर यायचं.

म्हणून मी कुणालाही सांगते, कागद घ्या आणि दोनऐवजी तीन रकाने पाडा: दोघं, ती एकटी, तो एकटा.

आधी खर्च, मग मिळकत

गेल्या तीन महिन्यांचा खरा खर्च लिहा, मनातला नव्हे. त्यातून लोकलचा पास, ऑफिसचा डबा, संपलेला हप्ता वजा करा. औषधं, घराची डागडुजी, लग्नकार्यातले आहेर मिळवा. आहेर लोक विसरतात आणि निवृत्तीनंतर नेमके तेच वाढतात, कारण सगळ्या लग्नांना जायला वेळ असतो.

आता एकटीचा रकाना. खर्च निम्मा होईल असं वाटतं, होत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स तोच, कामवाली तीच, विजेचं बिल थोडंच कमी. रिक्षा वाढते, सोबतीला कुणी ठेवावं लागलं तर विचारूच नका. मी दोघांच्या खर्चाचे दोन तृतीयांश धरते, आणि तेही कमीच वाटतं.

मिळकत मात्र खाली येते. केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शनमध्ये पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी असते. मागे राहणाऱ्याला काही वर्षं वाढीव दराने मिळते, त्यानंतर साध्या दराने पगाराच्या ३० टक्के. आमच्या ह्यांची खासगी कंपनीतली ईपीएस, म्हणजे पीएफबरोबर मिळणारी पेन्शन तर दोन-अडीच हजारांची. त्यातही पत्नीला निम्मीच मिळणार. पगाराची मर्यादा १५,००० धरून ३५ वर्षं भरली तरी सूत्राने ७,५०० येतात, तेव्हा त्या पेन्शनच्या भरवशावर कुणी राहू नये.

महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज ४०,००० लागत असतील तर साठीतल्या माणसाला बहात्तराव्या वर्षी ८०,००० आणि चौऱ्याऐंशीला १,६०,०००. हा आकडा बघून घाबरायचं नाही, पण व्याज आलं की सगळं खर्च करायचं नाही, एवढं त्यातून घ्यायचं.

पैसे कुठे ठेवायचे

पोस्टात काम केलं म्हणून पोस्टाचीच बाजू घेते असं समजू नका. पण नियमित येणाऱ्या पैशासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसारखं सोपं दुसरं मला सापडलेलं नाही. साठीनंतर उघडता येते. ५५ ते ६० दरम्यान निवृत्त झाला असाल तर पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत. मर्यादा २०२३ च्या एप्रिलपासून १५ ची ३० लाख झाली, आणि तेव्हाच व्याजदर ८.२ टक्के झाला. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, पण पैसे भरल्या दिवशीचा दर तुम्हाला पाच वर्षं मिळतो. ३० लाखांवर ८.२ ने तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. व्याज करपात्र आहे, हे विसरू नका.

आता बारीक गोष्ट. जॉइंट खातं फक्त नवरा-बायकोचं होतं, पण रक्कम पहिल्याच नावाची धरतात. दोघंही पात्र असाल तर दोन वेगळी खाती काढा. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, दिलेलं कापून घेतात. त्यानंतर दोन वर्षांपर्यंत दीड टक्का आणि पुढे एक टक्का रक्कम कापतात. म्हणून आजारपणाचे पैसे इथे ठेवू नयेत.

मासिक प्राप्ती योजनेत एकट्याला ९ लाख, जॉइंटला १५ लाखांपर्यंत ठेवता येतात. ७.४ टक्क्यांनी १५ लाखांवर महिन्याला ९,२५०. फॉर्मवर ‘जॉइंट ए’ की ‘जॉइंट बी’ असं विचारतात, तिथे बहुतेक जण न वाचता खूण करतात. ‘ए’ म्हणजे दोघांच्या सह्या लागणार, ‘बी’ म्हणजे कुणाही एकाची चालणार. एक जण आयसीयूत असताना ‘ए’ खात्याचे पैसे काढून बघा म्हणजे फरक कळेल. ‘बी’ करा. बँकेतही ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो, असंच लिहून घ्या.

ही दोन्ही व्याजं वाढत नाहीत. आजचे २०,५०० पाचव्या वर्षीही २०,५००च. म्हणून पुढची पाच वर्षं हात लावावा लागणार नाही असा थोडा भाग म्युच्युअल फंडात ठेवायला माझी हरकत नाही. आम्ही एकूण पुंजीचा साधारण पाचवा हिस्सा ठेवला आहे. जास्त ठेवला असता तर ह्यांना झोप लागली नसती.

पतसंस्थेबद्दल स्पष्ट बोलते. बँकेतल्या ठेवीला ठेवीदारामागे, बँकेमागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, व्याज धरून. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. चेअरमन ओळखीचा असतो, दीड टक्का जास्त देतो, दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवतो. पुडा घ्या, ठेव ठेवू नका.

आजारपण

कंपनीची मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपते. स्वतःची पॉलिसी पंचावन्नच्या आसपास घ्या, कारण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ती वर्षं नोकरीत असतानाच निघून जातात. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, तेवढाच दिलासा. सत्तरी ओलांडली की उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण तुम्ही जिथे राहणार तिथलं कुठलं रुग्णालय यादीत आहे ते आधी पाहा. केंद्राच्या पेन्शनरांनी सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, केंद्रही पाहावं. ते नसलेल्या भागात राहिलं तर महिन्याला १,००० भत्ता मिळतो.

गाव निवडताना

आम्ही डोंबिवलीहून मिरजेला आलो. ह्यांचं गाव दापोली तालुक्यात. मुंबईत आयुष्य काढलेल्या प्रत्येक चाकरमान्यासारखी ह्यांचीही रट होती, रिटायर झालो की गावी. मी म्हटलं, चला, जुलैत जाऊन राहू. मे महिन्यात आंबे खायला गेलेला माणूस गाव निवडू शकत नाही. जुलैत लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, कौलं गळतात, आणि संध्याकाळी सहानंतर वाडीतून बाहेर पडायला गाडी चालवता यावी लागते. मला येत नाही. हे नसताना मी तिथे काय केलं असतं, एवढा एकच प्रश्न मी विचारला.

शिवाय घर सामायिक. सातबाऱ्यावर काका, चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या. अशा घरावर निवृत्तीचे पैसे घालून स्लॅब टाकू नये. शेजारची जमीन घ्यायची तर शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात स्वतः शेतकरी असावं लागतं, नाहीतर एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट शोधावा लागतो. गाव मे महिन्यासाठी आणि गणपतीसाठी ठेवलं आहे.

मिरज का, तर एकटीच्या रकान्यात बसतं. डॉ. वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी इथे १८९४ मध्ये मिशन रुग्णालय काढलं, तेव्हापासून हे डॉक्टरांचं गाव. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, सीमेपलीकडून कर्नाटकातून रुग्ण इथे येतात. जंक्शन असल्याने महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी मुंबई. रिक्षा दारात मिळते, औषधाचं दुकान, बँक, भाजी चालत. कुठल्याही गावात असंच चालून बघा: पिशवी हातात घेऊन, दुपारी, एकटीने.

इथेही डोळे मिटून घर घेऊ नका. कृष्णेचं पाणी २००५, २०१९ आणि २०२१ ला वर आलं होतं. एजंट म्हणेल, इथे पाणी येत नाही. त्याला सोडा, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला विचारा, २०१९ ला दूध कुठपर्यंत टाकलं होतं. एका तळमजल्याच्या भिंतीवर रंगाखालून आडवी ओल उमटलेली दिसली, मी खिडकीच्या चौकटीशी हात लावून उंची पाहिली आणि तिथूनच परत फिरले.

पहिलं वर्ष भाड्याने राहा. अकरा महिन्यांचा करार नोंदणी करूनच करा, जुनं घर विकू नका, भाड्याने द्या. घरात पाहायचं ते असं: लिफ्ट, आणि ती बंद पडली तर चढता येईल असा मजला, न्हाणीघरात धरायला दांडा, बाहेरून उघडता येईल अशी कडी. पुण्यात अथश्रीसारखी खास ज्येष्ठांसाठीची संकुलं आहेत, ज्यांना सोबत हवी त्यांना ती चांगली. त्यांचा दरमहाचा खर्च आणि तो कसा वाढतो ते लेखी घ्या. बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराने २०२४ मध्ये अशा गृहप्रकल्पांसाठी उतार, रुंद दारं, लिफ्ट यांबद्दल नमुना निकष काढले आहेत. बिल्डरसमोर ते घेऊन बसा. मुलाच्या शहरात जायचं असेल तर त्याच्या घरात नको, चालत जाण्याइतक्या अंतरावर. आणि त्याची बदली होऊ शकते हे धरूनच.

कागद

सगळ्या खात्यांचं नॉमिनेशन एका दिवसात तपासा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे हातात घेतो. म्हणून मृत्युपत्र वेगळं करा. त्याला स्टँप लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करायची घाई नको. केलंच तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या, म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते.

आणि निवृत्तीआधी एक महिना कामांची अदलाबदल करा. जो बँकेत जात नाही त्याने बँकेत जायचं, पासबुक भरायचं, ओटीपी टाकायचा, विम्याच्या माणसाशी बोलायचं. जो स्वयंपाकघरात जात नाही त्याने दोन्ही वेळचं करायचं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात रोज पिठलं-भात होता. आता हे भाकऱ्या सोडून सगळं करतात, आणि भाकऱ्या कोपऱ्यावर मिळतात, हेही मी घर घेण्याआधी पाहून ठेवलं होतं.