आजीचा मोगरा आणि अर्धी कथा: माजलेली परसबाग पुन्हा कशी उभी करावी

सहा वर्षं कुलूप असलेल्या आमच्या साताऱ्याकडच्या घरी मी मे महिन्यात गेले आणि पहिल्याच सकाळी विळा-कुदळ घेऊन परसात उतरले. तासाभरात गाजरगवताचा ढीग घातला आणि त्या भरात विहिरीजवळची वाळकी काटकी मुळासकट उपटून ढिगावर फेकली. दुपारी सहज तिची साल नखानं खरवडली तर आत हिरवीगार. आजीचा मोगरा होता तो. बादलीत ठेवला, परत लावला, पण जगला नाही.

त्याच सुट्टीत पाच वर्षं पडून असलेली एक कथाही मी पुन्हा उघडली होती. मोगऱ्याचा धडा ताजा असल्यानं तिला मात्र विळा लावला नाही. पुढचा क्रम त्या दोन्ही कामांतून सापडलेला आहे.

पहिला आठवडा: हत्यार घरात ठेवा

सकाळी आणि संध्याकाळी नुसतं फिरा. ऊन कुठे किती वेळ टिकतं, सांडपाणी कुठे मुरतं, कुठल्या भिंतीला सावली आहे, ते वहीत टिपा. मेल्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक झाडाची साल नखानं जराशी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर फांदी जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर तिथून खाली सरकत पुन्हा बघा. कधी कधी जीव जमिनीपासून वीतभरच उरलेला असतो, तेवढाही पुरतो. जिवंत झाडाला चिंधी बांधून ठेवा.

कथेलाही हेच. पेन हातात न घेता एका बैठकीत, मोठ्यानं वाचा. वाचताना जिथे आपोआप सावकाश होता, ती जागा जिवंत. माझ्या अडतीस पानांत अशा अकरा जागा निघाल्या आणि त्यांतली सुरुवातीची एकही नव्हती. सुरुवातच तर मी सगळ्यात जास्त घासली होती!

तण: कुठलं उपटायचं, कुठलं खणायचं

गाजरगवत सोपं. फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून उपटा. त्यानं अंगाला खाज येते, काहींना दमाही होतो. फुलं येण्याआधी उपटलेलं खतखड्ड्यात चालतं. फुलल्यावर मात्र नाही, एकेका झाडाला हजारो बिया धरतात.

हरळी आणि लव्हाळ्याला खुरपं चालवणं म्हणजे त्यांची हजामत करणं. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत एकमेकींना धाग्यानं बांधलेल्या असतात. वरचं पातं तुटलं की खालची गाठ नवी पाती काढते. म्हणून एप्रिल-मेमध्ये टिकावानं वीतभर खोल खणा, ढेकळं उलटी करून उन्हात तापू द्या, लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काशा (जमिनीतली आडवी खोडं) हातानं वेचा. त्या खतखड्ड्यात टाकू नका, तिथेच रुजतील. एका उन्हाळ्यात संपत नाहीत. दुसऱ्या वर्षीही खणावं लागतं.

माझ्या कथेतला लव्हाळा म्हणजे खिडकी. नायक आठ वेळा खिडकीशी जाऊन बाहेर बघतो. मी आधी तीन खिडक्या खोडल्या, तर तो गच्चीत जाऊन उभा राहिला. गाठ खाली होती: त्याला पुढे काय करायचंय हे मलाच माहीत नव्हतं, म्हणून मी त्याला उभा करून ठेवत होते. त्याला नेमकं काय हवंय ते वेगळ्या कागदावर लिहिलं, तेव्हा पाच खिडक्या एकदम गेल्या.

छाटणी

आधी मेलेल्या फांद्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग किडक्या. जुन्या झाडाचा एका वेळी तिसऱ्या भागाहून जास्त पसारा काढू नका. धारदार सिकेटर (छाटणीची कात्री) घ्या, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, किंचित वर तिरका काप द्या. मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करायचा. लोखंडाचं भांडं नको.

गुलाबाची छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. आमच्या गुलाबाला एक लांबसडक, तजेलदार फांदी आली होती, ती मी हौसेनं राखली होती. माळीकाका बघून हसले. "ताई, जोर हाय म्हनून ठेवलाय व्हय? कलमाच्या वर फुटलंय का खाली, त्ये बघा आधी." खाली फुटलं होतं. डोळा भरलेल्या गुलाबात, म्हणजे एका झाडाच्या खुंटावर दुसऱ्याचा डोळा बसवून केलेल्या कलमात, खुंट जंगली असतो. त्याचा फुटवा वाढू दिला तर सगळं अन्न तोच ओढतो आणि वरचं कलम वाळतं. असा फुटवा वरून कापायचा नाही, माती बाजूला करून निघतो तिथून ओढून काढायचा.

त्या रात्री कथेतलं सर्वांत सरसर लिहिलं गेलेलं पान मी पुन्हा वाचलं. कॉलेजात असताना ज्या लेखकाची मी नक्कल करत असे, त्याचा आवाज होता तो, माझा नव्हता. काढलं. बागेपेक्षा इथे एक बरं असतं: काढलेलं पान दुसऱ्या फाइलमध्ये ठेवता येतं. (मी ते अजून एकदाही उघडलेलं नाही.)

खत

झाडाभोवती आळं करा, घमेलंभर कुजलेलं शेणखत घाला, पण बुंध्यापासून वीतभर दूर. ताजं शेण नको, मुळं भाजतात. वर पालापाचोळ्याचा दोन-तीन इंच थर. पाचोळा जाळू नका, एवढंच सांगते.

ताण

ताण म्हणजे झाड फुलावर यावं म्हणून काही आठवडे त्याचं पाणी तोडणं. हे लोकांना पटत नाही. आमचं कागदी लिंबू हिरवंगार होतं पण फळ नव्हतं, कारण शेजाऱ्यांच्या मोरीचं पाणी त्याला बारमाही मिळत होतं. डिसेंबरात तो पाट वळवला. हलक्या जमिनीत साधारण चार-पाच आठवडे पाणी तोडायचं, भारी काळ्या जमिनीत जास्त. पानं मलूल, पिवळट होऊन थोडी गळू लागली की ताण पुरे. मग आळ्यातली माती वरवर हलकी खणायची, खत घालायचं, आणि पाणी एकदम न देता वाढवत न्यायचं. पानं गळत असताना रोज जाऊन बघा. जास्त ताणलं तर फांद्याच वाळतात.

कथाही तेव्हाच कपाटात ठेवली. मी तारीख घालून ठेवली होती, ३१ जानेवारी. बिनतारखेचा ताण म्हणजे तिला परत पाच वर्षं कुलूप. फेब्रुवारीत लिंबावर कळ्या दिसल्या. कथेचा शेवट बदलला, मधली चार पानं अजून अडली आहेत.

मोगरा शेजारच्या काकूंकडून दाब कलम करून आणणार आहे. नवी रोपं मात्र पहिला पाऊस पडून जमीन निवेपर्यंत आणू नका, नर्सरीत कितीही गोजिरी दिसली तरी.