आघातातून गेलेल्या लोकांसाठी व्यायामाचा गट कसा सुरू करावा

पूर, भूकंप, दंगल, युद्ध. अशा प्रसंगातून बाहेर पडलेल्यांना नीट झोप लागत नाही, मान-खांदे आखडलेले राहतात, जरा खुट्ट झालं तरी दचकायला होतं. नियमित हालचालीने झोप आणि मनावरचा ताण या दोन्हींत फरक पडू शकतो. ती उपचारांची जागा घेत नाही, त्यांना जोड देते. पण शाळेतला पीटीचा तास जसाच्या तसा इथे आणला, तर चार दिवसांत मैदान ओस पडेल.

आधी विचारपूस करा. लोकांना काय आवडेल: चालणं, नाच, चेंडूचा खेळ? बायकांना कोणती वेळ सोयीची? तेवढा वेळ लहान मुलांना कोण सांभाळेल? खुर्चीत बसून करता येईल असं काही आहे का? जिथे पोटभर जेवण आणि पाणीच मिळत नाही, तिथे व्यायामाची घाई नको. हृदयविकार, गरोदरपण किंवा ताजी जखम असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

जागा निवडताना बाहेर जायची वाट सगळ्यांना दिसेल असं बघा. शिट्टी वापरू नका. कोणाच्या पाठीमागे जाऊन उभे राहू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुमची बोलण्याची पद्धत. ‘डोळे मिटा’ असा हुकूम सोडण्यापेक्षा ‘मिटावेसे वाटले तर मिटा, नाहीतर जमिनीकडे बघा’ असं म्हणा. हात वर नेताना ‘जमेल तितकाच’ हे दर वेळी सांगा. कोणाचा हात धरून सरळ करायला जाऊ नका. स्वतः करून दाखवा. आघाताच्या वेळी आपल्या शरीराचं काय होणार, हे माणसाच्या हातात राहिलेलं नसतं. किती वाकायचं, कुठे थांबायचं हे तो स्वतः ठरवू लागला की तो ताबा हळूहळू परत येतो. माझ्या मते कोणता व्यायाम घेता यापेक्षा हे जास्त मोलाचं आहे. कडेला नुसता बसून बघणाराही गटातलाच, त्याला आग्रह नको.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. तिथवर महिन्यांनी पोचलात तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: व्यायामाने छाती धडधडते, घाम येतो, आणि भीतीच्या झटक्यातही नेमकं हेच होतं. त्यामुळे कोणी मध्येच घाबरलं, थिजलं, तर वेग कमी करा. शांतपणे त्याचं नाव घ्या, पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का विचारा, आजूबाजूला दिसणाऱ्या पाच वस्तू सांगायला सांगा. ‘काय आठवलं?’ हे मात्र विचारू नका. त्याला सांगायचं असेल तर ऐकून घ्या.

जवळच्या आरोग्य कार्यकर्त्याचा किंवा समुपदेशकाचा नंबर पहिल्या दिवसाआधीच मिळवून ठेवा. कोणी जीव द्यायची भाषा केली, तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच मदत बोलवा. गट जरा रुळला की त्यातल्याच दोघा-तिघांना सत्र घ्यायला शिकवा, म्हणजे तुम्ही नसलात तरी तास बुडणार नाही.